हाएना पार्क: बाहेरच्यांना दिवसाला ९०० ची मर्यादा, बरोबर की चूक?

जर्सीकर:
आईबाबांना घेऊन हवाईला, काउआई बेटावर जायचंय. तिथल्या हाएना स्टेट पार्कात हवाईबाहेरच्या माणसाला बुकिंगशिवाय प्रवेशच नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. ३० दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री बुकिंग उघडतं म्हणजे आमच्याकडे न्यू जर्सीत पहाट, आणि पार्किंगचे स्लॉट बघता बघता संपतात. मग उरते शटल बस, तिचे माणशी पस्तीस-चाळीस डॉलर.

त्यात इतिहास बघा. १९६९ मध्ये तिथे हॉवर्ड टेलर (हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर हिचा भाऊ) याची जमीन होती. १३ हिप्पींना भटके म्हणून आत टाकलं होतं, त्याने त्यांना सोडवून आपल्या जागेवर राहू दिलं, मग लोक वाढत गेले, झाडांवर घरं बांधून राहिले. १९७७ मध्ये सरकारने ती जाळून जागा मोकळी केली, का तर सगळ्यांसाठी पार्क करायचंय म्हणून. सगळ्यांसाठी घेतलेल्या जागेवर असं कुंपण कसं काय?

माळरान:
इतिहास हिप्पींपासून सुरू नाही होत हो. १८७५ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून हाएनाची जमीन सामाईक विकत घेतली होती, जवळजवळ नव्वद वर्षं ती एकत्र सांभाळली, आणि १९६७ मध्ये कोर्टातून वाटणी झाली. हिप्पी आले ते त्याच्यानंतर. आज पार्कात जी अळूची खाचरं दिसतात ती त्याच घराण्यांतल्या लोकांनी १९९९ पासून झाडी काढून, पाट दुरुस्त करून परत उभी केलीत. पार्किंग आणि शटलच्या कामातही त्यांच्या संस्थेचा वाटा आहे, त्यामुळे तुमच्या पैशातलं काहीतरी त्या मातीत जातं, मला तर हे फार मोलाचं वाटतं.

डोंगरवेडी:
मी २०१८ च्या आधी गेले होते. रस्ता तिथेच संपतो, केए बीचला, आणि कलालाऊ ट्रेल, म्हणजे किनाऱ्याच्या कड्यांवरची पायवाट, तीही तिथूनच सुरू होते, त्यामुळे दोन्हीकडे गाड्या खेटून लावलेल्या, ॲम्ब्युलन्स आली असती तर काय केलं असतं देव जाणे. दिवसाला दोन हजारांच्या वर माणसं, आणि तिथे जन्मलेल्या माणसाला आपल्याच किनाऱ्यावर जायला जागा नाही! एप्रिल २०१८ मध्ये जवळच वाइपाला २४ तासांत जवळपास ५० इंच पाऊस झाला, अमेरिकेतला रेकॉर्ड. आपल्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी होता, हा १२६० च्या वर. दरडींनी रस्ता गेला, पार्क जून २०१९ मध्ये उघडलं ते ही मर्यादा घालूनच. मला तर वाटतं ९०० पण जास्तच आहेत.

जर्सीकर:
ताई, गर्दी नको हे मलाही मान्य आहे, माझं भांडण आकड्याशी नाहीच. पहाटे उठून वेबसाइटवर बसणं ज्याला जमतं, ज्याची तारीख महिनाभर आधी पक्की असते, त्यालाच पार्क मिळतं. म्हातारी माणसं, ऐनवेळी रजा मिळणारे नोकरदार, त्यांनी काय करायचं? काही जागा त्याच दिवसासाठी ठेवा, नाहीतर लॉटरी काढा.

माळरान:
लॉटरीचं पटतंय. पण हवाईच्या रहिवाशांना ओळखपत्रावर बुकिंगशिवाय, फुकट सोडतात, त्याला हात लावू नका एवढंच. ओआहू बेटावरच्या डायमंड हेड डोंगराला पण २०२२ पासून बाहेरच्यांना बुकिंग लागतं, हाएना काही एकटं नाही.

डोंगरवेडी:
त्याच दिवसाचं तिकीट नकोच. मिळेल या आशेने लोक गाडी घेऊन निघणार आणि त्या एका लेनच्या पुलांवर परत रांगा लागणार, गावातल्या लोकांना त्याचाच तर त्रास होता. रद्द झालेल्या जागा दिवसभर साइटवर परत येत राहतात, त्यावर लक्ष ठेवा. आईबाबांना ट्रेल झेपणार नसेल तर सकाळची शटल घ्या आणि केएला निवांत बसा, माकाना डोंगर तिथून अगदी डोक्यावर दिसतो.

जर्सीकर:
शटल बघतो. पण चौघांचे दीडशे डॉलर एका बीचसाठी, हे मला चूकच वाटतं आणि ते मी त्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिणार आहे.