मदत हवी आहे: नेक्सॉन, ब्रेझा की ३एक्सओ? शनिवारी टोकन द्यायचंय

सुपारीबाग (मंगळवार, रात्री १०:२०)
नमस्कार. तीन आठवडे रोज जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतोय, पण अजून ठरत नाही. टाटा नेक्सॉन, मारुती ब्रेझा आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, या तिघांतली एक घ्यायची आहे. शोरूमवाला म्हणतो, शनिवारपर्यंत टोकन दिलं तरच चवथीआधी गाडी हातात येईल. तिन्हींच्या चांगल्या-वाईट बाजू स्पष्ट सांगा. 'बजेट बघा', 'टेस्ट ड्राइव्ह घ्या' असं कृपया सांगू नका, तेवढं कळतं. कोणती घेऊ?

डिचोलीकार (रात्री १०:४१)
पेट्रोल की डिझेल? गिअरची की ऑटोमॅटिक? रोज किती चालणार? घरात माणसं किती? घर कुठे? यातलं काहीच न सांगता 'कोणती घेऊ' विचारलं तर जो तो स्वतःचीच गाडी सांगेल.

पाटोवरून (रात्री १०:५५)
डोळे मिटून नेक्सॉन. २०१८ साली ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी आदळवून सुरक्षा तपासतात त्या चाचणीत) पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी हीच. जमिनीपासून २०८ मिलिमीटर उंच. डिकी ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८ आणि ३एक्सओची २९५. माझ्याकडे चार वर्षं आहे. पणजीत पावसाचं पाणी भरतं तेव्हा इतरांच्या गाड्या रस्त्याकडेला थांबलेल्या असतात, मी निघून जातो.

डिचोलीकार (रात्री ११:०२)
भरलेल्या पाण्यात गाडी घालू नका हो. एअर फिल्टरमधून पाणी आत शिरलं की इंजिन गेलंच, मग २०८ असो की २५०. बाकी डिकीचे आकडे बरोबर आहेत.

मोगरी (बुधवार, सकाळी ७:१५)
तिघांत नाही, तरी स्कोडा कायलॅक बघून या. ४४६ लिटर डिकी, भारत एनकॅपचे पाच तारे, आणि ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा). गेल्या वर्षी घेतली, एक दिवससुद्धा पस्तावले नाही.

सुपारीबाग (सकाळी ८:०५)
ताई, यादी वाढवू नका, तिघांतच जीव मेटाकुटीला आलाय. डिचोलीकार, सांगतो. ऑटोमॅटिकच हवी, बायकोही चालवणार. पेट्रोल की डिझेल ते ठरलेलं नाही, डिझेलकडे थोडा कल आहे. सगळं धरून तेरा लाखांच्या आत. घर सावई-वेऱ्याला, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. महिन्यातून एकदा बेळगावला बहिणीकडे.

मेकॅनिक_तिस्क (सकाळी ९:३०)
सावई-वेरे ते कुंडई म्हणजे जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. तेवढ्यासाठी डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात ती. ती काजळी जळायला आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने पळायला हवी. तुम्ही म्हार्दोळच्या वळणावर पोचेपर्यंत इंजिन नुकतं कुठे तापलेलं असणार. मग काजळी साचत जाते, दिवा पेटतो आणि माणूस आमच्याकडे येतो. महिन्यातली बेळगावची एक फेरी त्याला पुरत नाही. ही तक्रार एका कंपनीची नाही, सगळ्यांची आहे.

घाटवाट (सकाळी ९:५२)
बेळगावला कुठून जाता? चोर्ल्याने जात असाल तर पावसात सोडा. धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दहा हातांवर आल्यावर दिसतो. मोले, अनमोड, रामनगर, खानापूर असं जा.

मोगरी (सकाळी १०:१०)
अनमोडला धुकं नसतं होय? आणि ट्रक तिथेच जास्त. आम्ही साखळी, केरी, चोर्ला, जांबोटी असेच जातो, वर्षानुवर्षं.

घाटवाट (सकाळी १०:२४)
ताई, दरड येते तेव्हा वर्षानुवर्षांचा अनुभव कामाला येत नाही. मी दोन वेळा अर्ध्या वाटेतून परत फिरलोय.

पाटोवरून (सकाळी १०:३३)
धागा गाडीचा आहे. एक महत्त्वाचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या सगळ्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी झाला. आता घेतलेली बरी.

डिचोलीकार (सकाळी १०:४०)
सगळ्यांना नाही. चार मीटरच्या आत, *आणि* पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती लांबीने बसते आणि इंजिनाने बाहेर पडते. तिला ४० टक्के. आधी सेस धरून ४५ होता, म्हणजे तिचाही कर उतरला, पण पाचच टक्के.

पाटोवरून (सकाळी १०:४६)
मग ब्रेझाचा विचारच का करायचा?

मेकॅनिक_तिस्क (सकाळी ११:१५)
कारण ते इंजिन चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं, साधं आहे, आणि त्याला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. नेक्सॉन आणि ३एक्सओचं पेट्रोल तीन सिलिंडरचं टर्बो. जोर जास्त, ओव्हरटेकला मजा येते, पण टर्बो म्हटलं की तेल वेळेवर बदलायलाच हवं. ब्रेझा घाटात खाली मान घालून चढते, घाई केली तर आवाज करते. कुठलं सोसेल ते तुमचं तुम्ही बघा. ऑटोमॅटिक घेताना मात्र एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर की डीसीटी (दोन क्लचवाली), एवढं नीट विचारा, शोरूममध्ये सगळ्यांना 'ऑटोमॅटिक' एवढंच म्हणतात. एएमटी म्हणजे गिअरची साधीच गाडी, क्लच तुमच्याऐवजी यंत्र दाबतं. सपाटीला ठीक.

कोलवेकार (दुपारी १:२०)
कुठलीही घ्या, घेतल्याबरोबर खालून गंजरोधक कोटिंग करा. खारा वारा पत्रा खातो. माझ्या पहिल्या गाडीच्या सायलेन्सरला सहाव्या वर्षी बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

मोगरी (दुपारी १:३४)
सावई-वेऱ्याला समुद्र कुठला? तिथे सनरूफ घेऊ नका, हे सांगा. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पानं पडतात, ती काचेच्या कडेच्या नळ्यांत अडकतात आणि पाणी खांबातून उतरून पायाखालच्या गालिच्यात येतं. माझ्या माहेरी झालंय हे. गाडी आठ दिवस उन्हात दारं उघडी टाकून वाळवली, तरी वास गेला नाही.

सुपारीबाग (दुपारी २:०५)
डिझेल रद्द. सनरूफही रद्द. मेकॅनिक_तिस्क, देव बरें करूं. पण तिघांतली कोणती? घराच्या चढावर एएमटी चालेल ना? अंगणात गाडी वळत नाही म्हणून रोज सकाळी रिव्हर्समध्येच वर चढवावी लागते.

डिचोलीकार (दुपारी २:०८)
हे आत्ता सांगताय?

मेकॅनिक_तिस्क (दुपारी २:१२)
थांबा. चढ केवढा? लांब किती? खाली काय आहे, डांबर, काँक्रीट, चिरे? वळण आहे का? आत्ता कोणती गाडी आहे आणि ती कशी चढते?

सुपारीबाग (दुपारी २:४०)
सांगायचं राहिलं, रोजचंच असल्यामुळे डोक्यात आलं नाही. आमचं घर कुळागरात खाली. पंचायतीच्या रस्त्यावरून घरापर्यंत पन्नासएक पावलांची वाट, आजोबांनी चिरे बसवून केलेली. दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगडी कुंपण. मध्ये थोडी डावीकडे वळते. चढ किती अंशांचा ते माहीत नाही, पण नारळाची पोती घेऊन चढताना माणूस मध्ये एकदा थांबतोच. वर रस्त्याला मिळते तिथे उंबरठ्यासारखा उठाव आहे. आत्ताच्या जुन्या हॅचबॅकचं पोट तिथे रोज घासतं, चिऱ्यावर काळी रेघ पडलीय. आई मागे बसली असली की जास्त घासतं, म्हणून तिला वर रस्त्यावर चालत नेऊन मग बसवतो. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. पावसात चिऱ्यांवर शेवाळ येतं, मागच्या आठवड्यात ती घसरता घसरता वाचली. खरं तर त्याच दिवशी मी ठरवलं की आता उंच गाडी घ्यायची.

पाटोवरून (दुपारी २:५१)
मग कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा नादच सोडा. या तिन्ही दिसायला एसयूव्ही, पण पुढच्याच चाकांनी चालतात. तुम्हाला फोर बाय फोर हवी. जिम्नी घ्या, २१० मिलिमीटर उंच, लो रेंजचा गिअर, झाडावर चढेल.

मोगरी (दुपारी ३:०२)
आणि गुडघे गेलेल्या बाईला जिम्नीच्या मागच्या सीटवर कसं चढवायचं? चौघांचीच गाडी ती, चवथीला आलेली माणसं कुठे बसणार?

घाटवाट (दुपारी ३:१५)
शेवाळावर पुढच्या चाकांची गाडी रिव्हर्समध्ये चढणारच नाही. चाकं जागेवर फिरतील.

मेकॅनिक_तिस्क (दुपारी ३:४५)
घाटवाट, उलट आहे. चढावर गाडीचा भार उताराकडच्या चाकांवर सरकतो. रिव्हर्समध्ये चढताना गाडीचं तोंड खाली, म्हणजे भार पुढच्या चाकांवर, आणि ओढणारी चाकंही तीच. पुढच्या चाकांची गाडी सरळ चढण्यापेक्षा रिव्हर्समध्ये जास्त पकड घेते. जुन्या काळात माणसं अवघड चढावर गाडी उलटी घालायची ती उगीच नाही.

धोका एएमटीचा आहे. वळणावर गडग्याला लागू नये म्हणून तुम्ही रिव्हर्समध्ये इंचाइंचाने जाणार. तेवढ्या हळू वेगात एएमटीचा क्लच अर्धा धरलेला राहतो आणि तापतो. हिल होल्ड गाडीला दोन-तीन सेकंद धरतो, पुढे ती खाली यायला लागते, माणूस घाबरून पेडल दाबतो आणि गाडी एकदम उसळते. डीसीटीलाही असं रांगणं आवडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मध्ये तेल असतं, ते घासत नाही, ब्रेकवरचा पाय हलका केला की गाडी सावकाश सरकते. तुमच्या वाटेला तोच हवा. ब्रेझाला आहे, ३एक्सओच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला आहे.

आता उठाव. नुसती उंची बघू नका, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही बघा. अंतर जास्त तर मधलं पोट लवकर टेकतं. ब्रेझाचं २५०० मिलिमीटर, ३एक्सओचं २६००. ते अंतर मागच्या सीटवर पाय पसरायला उपयोगी, पण उंबरठ्यावर तोट्याचं. आणि हे सगळं रिकाम्या गाडीचं. चार माणसं बसली की गाडी खाली दबते.

कोलवेकार (दुपारी ४:१०)
गाडी बदलण्याआधी वाट बदला, असं माझं प्रामाणिक मत आहे. चिऱ्यांवर चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे घाला, ओले असताना आडव्या खाचा मारा, वरचा उंबरठा चार बोटं उतरवा. गाडीच्या एका व्हेरियंटमधल्या फरकाएवढाही खर्च नाही. आणि आईला चालायला एका बाजूने लोखंडी कठडा. गाडी कितीही चांगली असली तरी आई रोज गाडीतूनच वर जाणार नाही. फुलं काढायला, शेजारी जायला पायीच जाईल ना?

सुपारीबाग (दुपारी ४:४८)
हे माझ्या मनातच आलं नव्हतं. वाट म्हणजे वाट, ती तशीच असते, असं धरून चाललो होतो.

डिचोलीकार (दुपारी ५:०५)
शोरूमला सांगा, टेस्टची गाडी घरापर्यंत खाली आणा. नाही म्हणाले तर टोकन नाही. आणि आईला गाडीत बसवून बघा. दाराची फट, सीटची उंची, पाय आत घेताना खालची पट्टी आडवी येते का. कागदावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

सुपारीबाग (रविवार, संध्याकाळी ६:३०)
उशीर झाला, माफ करा. शनिवारी टोकन दिलं नाही. शोरूमवाला नाराज झाला, मग सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला.

नेक्सॉनची त्यांच्याकडे टेस्टला एएमटीच होती, ती मी घरापर्यंत आणलीच नाही. हायवेला छान वाटली. ब्रेझा आणि ३एक्सओ दोन्ही खाली आणल्या. सकाळी सर येऊन गेली होती, चिरे ओले होते. दोन्ही गाड्या रिव्हर्समध्ये चढल्या, चाक एकदाही जागेवर फिरलं नाही. मेकॅनिक_तिस्क यांनी सांगितलं तसं ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपसूक सरकत होती. बायकोने माझ्याआधी वर नेली.

उंबरठ्यावर शेजारच्या काकांना वाकून बघायला सांगितलं. चौघे आत बसलो होतो. ब्रेझा हाताचा पंजा उभा जाईल एवढी वर होती, ३एक्सओ तीन बोटं. घासली कुठलीच नाही. ३एक्सओ चालवायला मला जास्त आवडली, मागे जागाही ऐसपैस.

आईचं सांगतो. ती सीटवर आधी पाठमोरी टेकते आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते. ३एक्सओमध्ये तिला मी हात दिला. ब्रेझात तिने दारावरचं हँडल धरलं आणि स्वतः बसली, मग मला म्हणाली, "दार लाव रे." आमच्या घरी गाडी ठरली ती तेव्हाच.

कर जास्त, डिकी नेक्सॉनपेक्षा लहान, जोरही तिघांत कमी, हे सगळं मान्य आहे. मधला व्हेरियंट, सनरूफ नको, मागचा कॅमेरा हवाच. उद्या टोकन देतो. मेस्तही येऊन वाट बघून गेलाय. पाऊस दोन दिवस उघडला की वर प्लास्टिक बांधून पट्टे घालू म्हणतो. एकच विचारायचंय: खाचा सरळ आडव्या मारू की तिरक्या?

कोलवेकार (संध्याकाळी ७:०२)
तिरक्या. पट्ट्याच्या मध्यावरून दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या, म्हणजे पाणी खाचेत थांबत नाही आणि शेवाळ धरत नाही. दोन खाचांत चार बोटांचं अंतर ठेवा. आईच्या कठड्याची उंची मेस्ताला आईलाच उभी करून घ्यायला सांगा.