मदत हवी आहे: ३० सेंमीवरचा सेन्सर उणे ०.२ वरच अडकलाय

नमस्कार मंडळी,
अलास्कात डेडहॉर्सच्या दक्षिणेला, डॉल्टन हायवेलगतच्या टेकड्यांच्या पायथ्याशी माती-बर्फाच्या नोंदी घेतो. पहिलाच हिवाळा. इथे टुंड्रावर वाटेल तेव्हा गाडी घालता येत नाही. राज्य सरकारचा नियम असा, की ३० सेंमी खोल माती उणे ५ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे. वर बर्फही हवा, किनारपट्टीला ६ इंच आणि आमच्या पायथ्याला ९.

हवा उणे २२. ५ सेंमीवरचा सेन्सर उणे ४ दाखवतो, ३० वरचा मात्र १९ दिवस उणे ०.२ वर ढिम्म! साहेब म्हणतात, सेन्सर गेला, नवा बसव. पण त्यासाठी खणायचं कसं? परवा वीस मिनिटं पहार मारली तेव्हा वाटीभर माती निघाली.

बर्फाचंही तेच. काठी खुपसली की एकीकडे ११ सेंमी, वीतभर पलीकडे ३८. सरासरी २७ येते. खरी मानू का?

प्रतिसाद १
सेन्सर उपटू नका! पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे ओल्या मातीतलं बहुतेक पाणी गोठेपर्यंत पारा शून्यापाशीच रेंगाळतो, कधी कधी कित्येक आठवडे. त्यात बर्फ लवकर पडला असेल तर जमिनीवर रजईच पडली म्हणायची. आलेख बघा. बिघडलेला सेन्सर बहुधा उड्या मारतो, तुमचा हळूहळू उतरून सपाट झालाय का?

काठीचं म्हणाल तर तिथे गवताचे गड्डे असणार. काठी मधल्या खाचेत जाते आणि खाली शेवाळातही घुसते. दोरी ताणून दर मीटरला मोजा, गड्डा येवो की खाच, जागा निवडायची नाही. आणि एकदा तरी बर्फ उकरून काठीचं टोक कुठे थांबलंय ते डोळ्यांनी बघा.

धागाकर्ता
आभारी आहे. आलेख अगदी सपाट, एकही उडी नाही. सेन्सर वाचला.

काल पाच ठिकाणी उकरलं. काठी सरासरी ६ सेंमी शेवाळात! म्हणजे २७ चे २१ उरले, ९ इंचही भरत नाहीत. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता ते म्हणतात, परवानगी काढून जमिनीवर कमी दाब देणाऱ्या गाडीने वाटेपुरता बर्फ दाबून घेऊ, म्हणजे थंडी खाली लवकर उतरेल. पण दाबला की जाडी आणखी कमी भरणार ना? हे कुणी केलंय का?