वाचणारं कोणी नसेल तर कथा लिहायचीच कशाला?

कळवाखाडी:
मी कथा लिहितो आणि कोणाला वाचायला देत नाही, द्यावीशी पण वाटत नाही. ऑफिसातला एक मित्र म्हणतो हे लिहिणंच नव्हे, वाचक नाही तर कथा नाही, तू नुसता टाइमपास करतोयस. मला हे अजिबात पटत नाही. एखादा माणूस रात्री घरी पेटी वाजवत बसला तर त्याला कोणी विचारतं का की तिकीट किती ठेवलंय?

मला जे मिळतं ते लिहितानाच मिळतं. ठाण्याहून पनवेल गाडी पकडली, समोर एक काका बसलेत, एक्सरेचं मोठं पाकीट आहे, शेजारची सीट रिकामी तरी ते पाकीट खाली ठेवत नाहीत, दोन्ही गुडघ्यांत उभं धरून ठेवलंय आणि रबाळे गेलं, घणसोली गेलं तरी उघडून बघत नाहीत. का बघत नाहीत? हे शोधायला मी मोबाइलवर टाइप करायला लागतो. खरे काका तुर्भ्याला उतरून जातात, माझे राहतात. त्यांचं काय ते मला कळलं की माझी कथा झाली. मग ती कोणाला पाठवायची आणि दोन दिवस ब्लू टिककडे बघत बसायचं, कशासाठी?

तुर्भेनाका:
मग त्याला डायरी म्हणा ना राव, कथा कशाला म्हणता. कथा सांगायची असते. आमच्याकडे आई श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. त्यात राणी मुक्कामाला थांबते, स्वयंपाक होतो, पण कहाणी सांगायची तर ऐकायला माणूस पाहिजे, म्हणून ती माणसं पाठवते, कोणी उपाशी आहे का बघा. एक मोळीविक्या सापडतो. सहा मोती असतात, तीन त्याला, तीन स्वतःला, आणि मग ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो. अर्धे मोती ऐकणाऱ्याचे! हा हिशोब आपल्या आज्यांना पाठ होता आणि तुम्ही सहाच्या सहा खिशात घालून नेरुळला उतरताय.

आणि त्या काकांबद्दल चार ओळी वाचून मी इथे अडकलोय की पाकिटात काय होतं. सांगून टाका.

कळवाखाडी:
नाही सांगणार :) आणि कहाणीत मोळी सोन्याची झाली ती ऐकणाऱ्याची बरं का, सांगणारीला जेवायला मिळालं तेवढंच.

सीवूड्स_निवांत:
कळवाखाडींशी शंभर टक्के सहमत. शिकागोत हेन्री डार्गर म्हणून एक माणूस होता, हॉस्पिटलात साफसफाईची वगैरे कामं करायचा, एका खोलीत एकटा राहायचा. म्हातारपणी त्याला आश्रमात हलवल्यावर घरमालकाने खोली आवरायला घेतली तर एकाच कादंबरीची १५ हजारांवर पानं निघाली, सोबत चित्रांचा ढीग. १९७३ ला तो गेला. एवढी वर्षं लिहीत होता ते कोणत्या वाचकासाठी? लिहिल्याशिवाय राहवत नव्हतं म्हणून, विषय संपला.

उपवन_चहा:
विषय संपला नाही. तो घरमालक स्वतः फोटोग्राफर होता म्हणून पानं शाबूत राहिली, आपल्याकडे असता तर किलोच्या भावाने रद्दीत गेली असती. अशी उदाहरणं जो तो देतो, काफ्काचं तर ठरलेलंच, मित्राला सांगितलं होतं सगळं जाळून टाक वगैरे. अहो पण हाच काफ्का जिवंतपणी कथा छापत होता आणि मित्रांना स्वतः वाचून दाखवायचा, वाचताना हसायचा. आपले कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला माणसं टाळून राहिले असं सगळे सांगतात, पण पत्रं किती लिहिली, खंडच्या खंड निघालेत त्यांचे. एकांत हवा असणं आणि वाचक नको असणं यात तुम्ही सगळे गल्लत करताय.

कोपरखैरणे_वाली:
मला थिअरी वगैरे जमत नाही, अनुभव सांगते. माझ्या मैत्रिणीने कथा लिहिली, त्यात बाप माथाडी, वाशी मार्केटला. तो संध्याकाळी घरी येतो आणि धावत आलेल्या पोरीला उचलून घेतो असं होतं. माझे बाबा माथाडी होते, मार्केट मशीद बंदरहून इकडे आलं तसे आम्ही कोपरखैरण्याला आलो. मी तिला म्हटलं, असं नाही उचलत गं. ते आधी दारात बनियन काढायचे, मान लालभडक, गोणपाटाचे तंतू घामाने चिकटून कातडीत शिरलेले, आई त्यांना उजेडाला बसवून चिमट्याने एकेक काढायची आणि तोवर आम्हा पोरांना जवळ जायला बंदी. त्या दिवशी मिरचीच्या गोण्या उतरवलेल्या असल्या तर विचारूच नका. मैत्रिणीने मग पोरीला दारातच थांबवलं. कथा अशी काही बसली ना! हे तिला ट्रेनमध्ये कोणाकडे बघून सुचलं नसतं.

कळवाखाडी:
चिमटा जबरदस्त आहे. पण मग ती कथा तुम्ही लिहायला हवी होती. आणि वाचक एकदा डोक्यात बसला की तो असा चिमटाच देईल असं कुठंय? माझ्या ओळखीतला एक जण मोबाइल ॲपवर भागाभागाने कथा लिहायचा, चांगलं लिहायचा, "पुढचा भाग कधी" अशा कमेंट यायला लागल्या तशी त्याची नायिका दर भागाच्या शेवटी चक्कर येऊन पडायला लागली.

कोपरखैरणे_वाली:
त्यात वाचकांचा काय दोष, त्यांनी चक्कर मागितली होती का? आणि मी का लिहायची? मला बाबांच्या मानेकडे परत इतक्या जवळून बघायचं नाहीये. ती लिहिते, मी वाचते, बरं चाललंय.

नौपाडा_जुना:
दोन्ही बाजू वाचक मिळतो असं धरून भांडतायत, याची गंमत वाटते. आपण दिवाळी अंकांची १९०९ पासूनची परंपरा सांगतो, ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे म्हणून मिरवतो, सगळं ठीक, पण अनोळखी लेखकाचा कथासंग्रह यंदा किती जणांनी घरी आणला? माझी कथा एका दिवाळी अंकात आली तेव्हा एकच फोन आला, मेव्हण्याचा. म्हणे अंकात नाव बघितलं तुझं. कथा वाचलीस का विचारलं तर म्हणाला वाचतो ना, दिवाळी होऊ दे. कुठली दिवाळी ते बोलला नाही. छापलं म्हणजे वाचलं गेलं असं काही नसतं, त्यामुळे लिहायचं कारण वाचकाच्या खुंटीला टांगलं असतं तर मी तेव्हाच दुकान बंद केलं असतं.

तुर्भेनाका:
पण केलं नाहीत ना? पुढच्या वर्षी परत पाठवलीतच ना कथा?

नौपाडा_जुना:
पाठवली. पण मेव्हण्यासाठी नाही हो. लिहिताना माझ्यासमोर एक माणूस असतो, चिपळूण साइडचा धरा, एसटीची वाट बघत बसलाय, कोणाचा तरी अंक हाती लागलाय, जाहिराती ओलांडून मधलंच पान उघडतो. त्याला कंटाळा आला की मी वाक्य खोडतो. असा कोणी खरोखर आहे का नाही, देव जाणे.

कळवाखाडी:
असा वाचक मलाही चालेल. कमेंट करत नाही.

कोपरखैरणे_वाली:
नौपाडा, चिपळूणला माझी मामेबहीण असते, एसटीनेच फिरते. अंकाचं नाव आणि साल टाका, वाचायला लावते आणि कुठे कंटाळा आला तेही विचारून सांगते.