प्रतिसाद: खाडीत पडलेला ठिपका

वाशीच्या टॉवरांमध्ये मोबाईलच्या नकाशावरचा आपला जीपीएसचा ठिपका खाडीत जातो तो आयनोस्फियरमुळे (म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे) का असं वर विचारलंय, तर नाही हो, तो बहुतेक बिल्डिंगांवर आपटून येणाऱ्या उपग्रहांच्या सिग्नलचा घोळ. आयनोस्फियरचे इलेक्ट्रॉन सिग्नलला उशीर करतात, दुपारी जास्तच, पण फ्रीक्वेन्सी वाढली की उशीर वर्गाच्या प्रमाणात घटतो म्हणून जीपीएसच्या १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ दोन्ही फ्रीक्वेन्सी घेणारा चांगला रिसीव्हर त्यांच्या उशिरातल्या फरकावरून तो बराचसा काढून टाकतो. खरा ताप सूर्यास्तानंतर, विषुववृत्ताकडून प्लाझ्मातले (म्हणजे त्या थरातल्या भारित वायूतले) विरळ बुडबुडे वर चढतात नि सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो, मार्चमध्ये खारघरला गच्चीवर आठनंतर रिसीव्हरवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या दांड्या नुसत्या खालीवर नाचताना बघितल्यात, समोर एक बिल्डिंग नाही तरी! बाय द वे, हाच अभ्यास करणारी भूचुंबकत्व संस्था आपल्या नवीन पनवेललाच आहे.