सायकल राईडला न्यायला स्वस्तातला रोलचा कॅमेरा कुठला घ्यावा? बजेट पाच हजार

गिअरवाला_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण राईडला जातो, कधी राजहंसगड, कधी राकसकोप, पायात दम असला तर जांबोटीपर्यंत. मोबाईलवर फोटो काढून काढून वीट आलाय, एका राईडचे दीडशे फोटो होतात आणि घरी आल्यावर त्यातला एकपण परत उघडून बघत नाही. म्हणून डोक्यात आलंय की रोलचा जुना कॅमेरा घ्यावा, एका रोलला फोटो ३६ म्हणजे ३६, विचार करून काढायचे. बजेट पाच हजार, ओढून ताणून सहा. हलका पाहिजे, पडला तर रडू येऊ नये असा पाहिजे, आणि मला ते अ‍ॅपर्चर शटर वगैरे फारसं कळत नाही हे आधीच सांगतो. ऑनलाईन बघालोय तर एकच कॅमेरा कुणी दोन हजाराला देतंय कुणी नऊ हजाराला, काय खरं काय खोटं कळेना झालंय. कुणी वापरलाय का राईडवर?

बुलेट_शहापूर
पेंटॅक्स के १००० घे, डोळे झाकून. १९७६ पासून १९९७ पर्यंत कंपनीनं तोच कॅमेरा बनवला म्हणजे विचार कर. सगळं मेकॅनिकल, सेल लागतो तो फक्त उजेड मोजायच्या मीटरला, सेल संपला तरी शटर खटाखट चालतंय. फक्त एक चूक करू नको, मी केलेली. चोर्ला घाटात टँक बॅगेत टाकून गेलो, पाऊस संपल्या संपल्या, रस्ता कसा असतोय तुम्हाला माहितीच आहे, घरी येऊन बघतो तर लेन्सच्या पुढची रिंग हातात! बारके स्क्रू व्हायब्रेशननं उलटे फिरून सैल होतात. मोबाईलचं पण तेच, आयफोनवाल्यांनी २०२१ ला स्वतःच लिहून टाकलंय की मोटरसायकलच्या इंजिनच्या थरथरीनं कॅमेरा खराब होऊ शकतो. तेव्हापासून कॅमेरा अंगावर, गाडीवर नाही. अंग हादरे पचवतंय, टाकी पचवत नाही.

गिअरवाला_टिळकवाडी
भाऊ सायकल ओ, पायानं मारायची 😅 के १००० चं वजन नुसत्या बॉडीचं सहाशे ग्रॅमच्या वर आहे म्हणे, वर लेन्स. राजहंसगडाच्या चढाला मी पाण्याची दुसरी बाटली पण घरी ठेवून जातो.

बुलेट_शहापूर
अरे राईड म्हणालास म्हणून मला वाटलं बुलेट. मग राहू दे. पण अंगावर ठेव हे मात्र तुला पण लागू.

खानापूरची_पोर
मी सायकलवालीच, म्हणून लिहितेय. माझ्याकडे कोडॅक एक्टार एच ३५ आहे, नवाच घेतलेला. जुना नाही, २०२२ ला आलेलं मॉडेल. हा हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन उभे फोटो बसतात, ३६ च्या रोलमध्ये ७२. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, जर्सीच्या मागच्या खिशात केळ्याशेजारी बसतो. फोकस करायचा नाही, काही सेट करायचं नाही, फक्त फ्लॅशला एक बारका सेल.

आता वाईट पण सांगते. लेन्स प्लास्टिकची, फोटोच्या कडा पुसट येतात, मोठी प्रिंट काढायचा विचार असेल तर सोडून दे. लेन्सचं भोक (एफ ९.५) आणि शटर उघडं राहायचा वेळ (१/१०० सेकंद) हे दोन्ही कायमचे ठरलेले, म्हणजे उजेड कमी-जास्त झाला तरी कॅमेरा काहीच करत नाही, जे काय करायचं ते रोल निवडतानाच. मी उन्हाळ्यात २०० आयएसओचा रोल घालते आणि जून ते सप्टेंबर ४००, आकडा मोठा तेवढा कमी उजेडात चालतो. कलर निगेटिव्ह उजेड जास्त झालेला बराच सहन करते, कमी पडलेला अजिबात नाही. कणकुंबीकडच्या झाडीत पावसाळी ढग असताना काढलेला अख्खा अर्धा रोल माझा चिखलासारखा आलाय. आणि ७२ फोटो संपायला मला पाच महिने लागले, त्यात सुरुवातीला कुणाचं बारसं होतं ते मीच विसरले होते.

घामाचं सांगायचं राहिलं. खिशात ठेवणार असशील तर झिप लॉकच्या पिशवीत, नुसता ठेवू नको.

निपाणीकर
एच ३५ चांगला, पण एकदा चांगल्या लेन्सचा फोटो बघितलास तर परत प्लास्टिककडं जाणार नाहीस. माझं मत ऑलिंपस एक्सए २. १९८० चा कॅमेरा, पुढचं झाकण सरकवलं की चालू, सरकवलं की बंद, कव्हर नको लेन्स कॅप नको, दोनशे ग्रॅम. लेन्स ३५ एमएम एफ ३.५, काचेची. फोकसला तीनच जागा, जवळ, मधे, लांब, आणि झाकण लावलं की आपोआप मधल्यावर येतो, म्हणजे घाईत विसरलास तरी बहुतेक फोटो बरे येतात. कमी एवढंच की सगळं इलेक्ट्रॉनिक, दोन बटण सेल (एलआर ४४) संपले की नुसता डबा. आणि शटरचं बटण इतकं हलकं की खिशात घालताना माझे सुरुवातीला तीन-चार फोटो मांडीचे आलेत.

मला तीन वर्षांपूर्वी साडेचार हजारात मिळाला, आता त्याला मिळेल का माहीत नाही. पण कॅमेऱ्याच्या किमतीत अडकू नको, खरा खड्डा पुढं आहे. मी वहीत लिहून ठेवलंय, शेवटच्या कलर रोलला ११००, धुणं आणि स्कॅन ४५०, बेंगळुरूला कुरिअर १००, झाले १६५०, म्हणजे एका फोटोला ४६ रुपये पडले. महिन्याला एक रोल म्हटलं तर वर्षाला वीस हजाराच्या घरात. पाच हजाराचा कॅमेरा घेऊन रोलला पैसे नाहीत म्हणून कपाटात ठेवलेले तीन जण एकट्या निपाणीत मला माहिती आहेत.

म्हणून मी ब्लॅक अँड व्हाईटवर आलो, घरीच धुतो. रोल साडेसातशेला, केमिकल धरून आठशे, फोटोला २२ रुपये. अंधारी खोली लागत नाही, रोल फक्त धुवायच्या बंद टाकीत भरेपर्यंत अंधार पाहिजे, मी रात्री रजईत हात घालून भरतो. रोल एचपी ५ असेल तर डी ७६ या डेव्हलपरमध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटं. २० डिग्री हीच खरी कटकट, मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी २७-२८ असतंय, मग बर्फाचे खडे पिशवीत बांधून परातीत. बायको विचारते सरबत कुणाला.

फोटोकाका_खडेबाजार
वाचतोय सगळं. मी तीस वर्षं स्टुडिओत काढली, लग्नाचे रोल मोजून मिळायचे, मुहूर्ताला दोन फ्रेम जास्त गेल्या तर मालक तोंड वाकडं करायचा. ब्लॅक अँड व्हाईटला आपल्याकडं इंदू चालायचं, ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं, आता तो कारखानाही बंद पडला.

बाळ, विकत घ्यायच्या आधी घरात शोध. काका, मामा, आत्या, सगळ्यांच्या माळ्यावर बघ. १९८०-९० मध्ये आपल्याकडं घरोघरी याशिका एमएफ २ होता, बारशाला वाढदिवसाला तोच. फिक्स फोकस, पेन्सिल सेल, साधा, पण काचेची लेन्स आणि उजेडात छान फोटो देतो. दहा घरं विचारलीस तर दोन तरी निघतील, आणि फुकट मिळालेला कॅमेरा पडला तर रडू येत नाही हे तू वर मागितलेलंच आहेस. सेलच्या जागी हिरवं-पांढरं साठलेलं असेल तर घाबरू नको, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुस, कोरडं कर, बरेच वेळा चालू होतं.

विकत घ्यायचाच असेल तर फोटो बघून भुलू नको. मागचं दार उघडून लेन्समधून टॉर्च मार, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस, आपल्याकडं आणि आंबोली पट्ट्यात तर हमखास, तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटर पडतो पाऊस, कॅमेरा कपाटात ठेवला तर बुरशी येणारच. दाराच्या खाचेत काळा फोम असतो तो जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो, त्यातून उजेड शिरतो आणि फोटोवर लाल-केशरी पट्टे येतात. तेवढ्यासाठी कॅमेरा नाकारू नको. स्पिरिटनं खरवडून काढायचा आणि खाचेत काळी लोकर बसवायची, मी असे कितीतरी केलेत, खर्च दहा रुपये. आणि "अनटेस्टेड" लिहिलेलं असलं की समज, त्यानं टेस्ट केलाय.

अजून एक. मोठ्या कंपनीसारखं नाव, मोठी लेन्स, वर फ्लॅश, दीड हजाराला, असे कॅमेरे दिसतील. आत प्लास्टिक लेन्स आणि वजन वाटावं म्हणून लोखंडाचा तुकडा चिकटवलेला असतो. तो लोखंडाचा तुकडा घेऊन तू राजहंसगड चढणार!

खानापूरची_पोर
काका लोखंडाचा तुकडा 😂😂 पावसाळ्यात ठेवायचा कशात ते पण सांगा की, मी तांदळात ठेवते.

फोटोकाका_खडेबाजार
तांदळात नको ग, त्याची पूड बारीक असते, फोकसच्या रिंगेत जाऊन बसते. घट्ट झाकणाचा डबा घे, सिलिका जेलच्या पुड्या टाक, महिन्यातून एकदा पुड्या तव्यावर मंद गरम करून परत टाक. माझे दोन कॅमेरे कुंद्याच्या प्लास्टिक डब्यात आहेत, कुंदा संपला की डबे टाकायचे नाहीत.

गिअरवाला_टिळकवाडी
काका तुमचं ऐकून काल अनगोळला मामाकडं गेलो. मामा कुवेतला होते पूर्वी. याशिका नाही, पण चामड्याच्या कव्हरमध्ये ऑलिंपस ट्रिप ३५ निघाला!! मामा म्हणाले ने, आम्हाला काय करायचंय. सेलची जागाच सापडेना, खराब आहे का?

फोटोकाका_खडेबाजार
सेल नसतोच त्याला. लेन्सभोवती ती बुडबुड्यांसारखी काच दिसते ना, ती सेलेनियमची, उजेडावर स्वतःच वीज तयार करते. १९६७ ते १९८४ विकला गेलेला कॅमेरा, लेन्स ४० एमएम एफ २.८, फार गोड. कव्हरमध्ये अंधारात राहिला हे बरं झालं, सेलेनियम उघड्यावर लवकर म्हातारं होतं म्हणतात. आता असं कर. रिंग ए (ऑटो) वर ठेव, लेन्सवर हात झाकून बटण दाब. डोळ्याला लावून बघितलंस तर आत लाल पट्टी वर यायला पाहिजे आणि शटर पडायला नको. मग खिडकीकडं धरून दाब, शटर पडलं पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर जिवंत. फोकसला चित्रं आहेत, एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. राईडला घोळक्यावर ठेवून दे. आयएसओ ४०० पर्यंतच जातो, ४०० चाच रोल घाल.

आणि रोल भरल्यावर डाव्या हाताचा रिवाइंडचा नॉब बघ. वाइंड करताना, म्हणजे फिल्म पुढं सरकवताना, तो उलटा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म दातात बसलेलीच नाही, नुसतं चक्र फिरतंय. हे विसरू नको.

निपाणीकर
लकी आहेस लेका. चारशे ग्रॅमचा असेल, खिशात नाही जमणार. गळ्यात मात्र घालू नको, पुढं वाकलास की हँडलवर आपटत राहतो आणि पडलास तर छातीत घुसतो. पट्टा तिरका, कॅमेरा पाठीच्या बाजूला पण मणक्यावर नाही, जरा कुशीकडं, आणि कमरेला एक दुसरी पट्टी म्हणजे डुलत नाही.

गिअरवाला_टिळकवाडी
लाल पट्टी आली!!! शटर पण पडालंय. रोल मागवलाय.

गिअरवाला_टिळकवाडी
दीड महिन्यानं येतोय, माफ करा. काय सांगू. पहिला रोल राजहंसगड, राकसकोप आणि एक दिवस सुट्टी काढून गोकाकला असा काढला, धबधब्याला पाणी काय होतं, झुलत्या पुलावरून चार फोटो, एकेक पाच-पाच मिनिटं थांबून. काउंटर ३६ वर गेला, ३८ झाला, ४० झाला, मी म्हटलं वा, जास्तीचे मिळाले. लॅबमधून फोन आला, "सर, रोल पूर्ण कोरा आहे." नॉब फिरला नव्हता काका. बघितलाच नव्हता.

बुलेट_शहापूर
४० झाले तरी शंका आली नाही 🤣🤣

फोटोकाका_खडेबाजार
मी माझ्या पहिल्या लग्नाचा, म्हणजे पहिल्या ऑर्डरचा, हळदीचा रोल असाच घालवलाय. मुलीच्या वडिलांना सांगायला मालकानं मलाच पाठवलं होतं. तुझं काय, गोकाकचं पाणी अजून आहे. फिल्मचं टोक स्पूलच्या फटीत नीट आत घाल, दार उघडं असतानाच एक वाइंड मारून बघ, दोन्हीकडची भोकं दातात बसली की मग दार लाव.

गिअरवाला_टिळकवाडी
दुसरा रोल भरलाय. आज सकाळी राकसकोपच्या वाटेवर एक फोटो काढला, म्हशी रस्ता ओलांडालत्या. नॉब फिरला. पोरं पुढं गेली तरी मी तिथंच थांबून परत एकदा वाइंड करून बघितलं, एक फ्रेम वाया गेली, जाऊ दे.