४४ वर्षांचा नागानो २००६ च्या कोर्सवर कुठवर पोचेल?

कातळवेडा (धागाकर्ता)

'सासुके' ही अडथळ्यांची जपानी स्पर्धा १९९७ पासून चालू आहे. शंभर स्पर्धक, चार टप्पे आणि शेवटी अवघ्या काही सेकंदांत मनोऱ्याच्या टोकावरचा बझर. इतक्या वर्षांत चारही टप्पे पार करणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातला माझा सर्वांत लाडका माकोतो नागानो, मियाझाकीचा मच्छीमार. २००६ मध्ये, सतराव्या स्पर्धेत, चौतिसाव्या वर्षी त्याने बझर दाबला तेव्हा घड्याळात २.५६ सेकंद शिल्लक होते. पुढे २०१६ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर करून तो शेवटचा म्हणून उतरला आणि त्याला पहिला टप्पाही पार करता आला नाही. ते बघताना गळा दाटून आला होता.

लगेच सगळीकडे "वय झालं" सुरू झालं. मला ते पटत नाही. तो जिंकल्यावर कोर्स बदलला. २००७ मध्ये सामन लॅडर आली, म्हणजे दोन्ही हातांनी धरलेला दांडा उडी मारत एकेक खाचा वर चढवायचा. क्लिफहँगरमध्ये (बोटांनी अरुंद पट्टीला लटकत सरकायचं) मधल्या फटी वाढल्या, उड्या आल्या. २०१६ च्याच नागानोला २००६ च्या कोर्सवर उभा करा, तो तिसऱ्या टप्प्यापर्यंत नक्की जाईल. त्याला वयाने हरवलं नाही, कोर्सने हरवलं.

तिरपी_रेघ

नागानो मलाही आवडतो, पण तुमचा मुद्दा तुमच्याच उदाहरणात अडकतो. तो थांबला कुठे? पहिल्या टप्प्यात. सामन लॅडर आहे दुसऱ्यात, क्लिफहँगर तिसऱ्यात. ज्या अडथळ्यांपर्यंत तो पोचलाच नाही त्यांनी त्याला कसं हरवलं?

पहिला टप्पा म्हणजे धाव, उडी आणि घड्याळ. हे तिन्ही २००६ मध्येही होतं. जंप हँग (ट्रॅम्पोलिनवरून झेप घेऊन जाळी पकडायची) आणि ती आत वळलेली उभी भिंत, दोन्ही २००० सालच्या पाचव्या स्पर्धेपासूनचे अडथळे. वय वाढलं की स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात. दमसास बराच टिकतो, नुसतं बळही बऱ्यापैकी टिकतं, पण क्षणात उसळी घेण्याची ताकद आधी जाते. भिंतीला नेमकी तीच लागते. जुना कोर्स वाढत्या वयाला सोपा नव्हता, उलट वयाचा पहिला घाव जिथे बसतो तिथूनच तो सुरू व्हायचा.

कातळवेडा

सामन लॅडरबद्दल मान्य, ते उदाहरण चुकलं. पण पहिला टप्पाही तसाच राहिला नाही ना. मधल्या काळात एका भिंतीच्या जागी दोन भिंती एकामागोमाग आल्या. पहिली चढून पाय जड झालेले असतानाच दुसरी समोर येते. तिशीतल्या माणसाची आणि चाळिशीपुढच्या माणसाची एका उडीत जेवढी तफावत दिसते, त्याहून कितीतरी जास्त ती लगेच घेतलेल्या दुसऱ्या उडीत दिसते. २००६ मध्ये भिंत एकच होती.

चॉक_आणि_टेप

मी प्रस्तरारोहण करतो, वय ४६. पायांचं तिरपी_रेघ म्हणतात ते शब्दशः खरं आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या पकडीवर झेप घेऊन जायचो तिथे आता पोचतच नाही. पण त्याच भिंतीवर बोटांच्या टोकांवर लटकून राहायचं असेल तर मी पूर्वीपेक्षा वाईट नाही. बोटांचे स्नायुबंध तयार व्हायला वर्षं लागतात, आणि एकदा तयार झाले की सांभाळून वापरले तर लवकर दगा देत नाहीत. शरीर कुठे वाया घालवायचं नाही हे कळायलाही वय जावं लागतं.

म्हणून मला तिसरा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. जुना क्लिफहँगर म्हणजे जेमतेम बोटं मावतील अशा पट्टीवरून सरकत जाणं. आता लटकत्या स्थितीतून वळून, समोरच्या हलत्या पट्टीवर झेप घ्यावी लागते. म्हणजे पूर्वी पायांपुरती असलेली झेप हातांच्या टप्प्यांतही शिरली. जुना तिसरा टप्पा ४४ वर्षांच्या नागानोला जमला असता असं मी छातीठोक सांगेन. पहिल्या टप्प्याबद्दल नाही सांगता येत.

रात्रपाळी

सगळे एकेका टप्प्याबद्दल बोलताय, पण ही स्पर्धा सलग होते. नागानोसारख्यांचा क्रमांक शंभराच्या आसपास, म्हणजे आधी दिवसभर थांबायचं. अंग गार पडतं, मग पहिला टप्पा, आणि पुढचे टप्पे रात्री एकामागून एक. बोटं टिकतात हे खरं, पण दोन टप्प्यांच्या मधल्या वेळात ती पुन्हा ताजी होतात का? वय वाढलं की मला तरी हेच सर्वांत आधी जाणवलं. ताकद आहे, पण ती परत यायला वेळ घेते.

आणि शेवटचा मनोरा. २००६ पर्यंत तिथे १२.५ मीटर स्पायडर क्लाइंब (समोरासमोरच्या दोन भिंतींत हातपाय रोवून चढायचं) आणि वर १० मीटर दोर होता, सगळं ३० सेकंदांत. त्याला लागले २७.४४. म्हणजे साधारण नऊ टक्के जास्त वेळ लागला असता तरी खेळ संपला असता. २००३ मध्ये तर ऐन भरात असताना तो ०.११ सेकंदाने हुकला होता. तेव्हा इतका कमी वाव होता, मग दहा वर्षांनी काय उरणार?

कातळवेडा

मी तिसऱ्या टप्प्यापर्यंतच म्हटलं होतं, मनोरा तो चढेल असं नाही. तरी एक सांगतो. सासुकेच्याच अमेरिकी आवृत्तीत, निंजा वॉरियरमध्ये, २०१५ ला जेफ ब्रिटनने ७५ फुटांचा दोर २९.६५ सेकंदांत चढला, आणि तो तेव्हा पस्तिशीच्या पुढे होता.

तिरपी_रेघ

त्याच रात्री त्याच्याहून लहान आयझॅक काल्डिएरोने तोच दोर २६.१४ मध्ये चढला. दोन माणसांवरून नियम निघत नाही, ना तुमचा ना माझा. आणि पस्तीस आणि चव्वेचाळीस यात फार अंतर आहे.

जुनी_चित्रफीत

तुम्ही सगळे २००६ वरच का अडलात? त्याच्याही मागे जा. १९९९ च्या चौथ्या स्पर्धेत काझुहिको अकियामा पहिल्यांदा सगळं पार करून गेला. तोही मच्छीमार, खेकडे पकडणाऱ्या बोटीवरचा, नजर कमजोर असलेला. तेव्हा ती भिंत नव्हती, जंप हँग नव्हता. शेवटी फक्त १५ मीटर दोर, वेळ तीच ३० सेकंद. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. २००६ चा हिशेब सेकंदाला पाऊण मीटर. ४४ वर्षांचा नागानो त्या कोर्सवर शेवटपर्यंत जातो, माझ्या मनात शंका नाही.

शिवाय अकियामाच्या पिढीकडे सरावाला नीट सोयसुद्धा नव्हती. आज कोणीही चित्रफीत थांबवून प्रत्येक पाऊल पाठ करू शकतो. जुन्या खेळाडूला जुन्या कोर्सवर सोडताना ही सगळी वर्षंही त्याच्यासोबत उतरतात, ते धरायला हवं.

चॉक_आणि_टेप

दोरावर ती वर्षं कामाला येतात. पाय कुठे अडकवायचे, श्वास कधी घ्यायचा, हात किती लांब टाकायचा, हे सगळं शिकण्यासारखं आहे. ट्रॅम्पोलिनवर मात्र तेवढी येत नाहीत.

तिरपी_रेघ

१९९९ मान्य. तिथे मीही नागानोच्याच बाजूने. २००६ अजून मान्य नाही. कातळवेडा, तिसरा टप्पा राहू द्या, भिंतही राहू द्या. जंप हँगच्या जाळीला त्याचे हात पोचतात का, तेवढं आधी सांगा.

कातळवेडा

आज २०१६ ची धाव पुन्हा नीट बघतो, फक्त उड्या. मग लिहितो.