आधी गाव वाचा, मग अनुक्रमांक

जर्मनीच्या वॉल्थर कंपनीच्या पीपीके या जुन्या पिस्तुलाचं साल नुसत्या अनुक्रमांकावरून काढा, असा सल्ला दिला जातो; तो मला अपुरा वाटतो. वॉल्थरच्या पिस्तुलावर मी आधी कोरलेलं कारखान्याचं गाव वाचतो. जर्मनीच्या थुरिंगियातली त्सेला सांक्ट ब्लाझी आणि मेलिस ही गावं १९१९ मध्ये एक झाली, म्हणजे ‘त्सेला-मेलिस’ कोरलेला नग त्याआधीचा नाही. ‘उल्म’ असेल तर सरळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

मग चाचणीचा शिक्का, म्हणजे पिस्तूल झाडून तपासल्यावर मारलेली सरकारी खूण. मुकुटाखाली ‘एन’ हा जुना. १९४० पासून त्या जागी गरुड आला. पीपी हे वॉल्थरचं मोठं मॉडेल १९२९ चं, पीपीके त्यानंतर थोड्याच काळात आलेलं, त्यामुळे दोन्हींवर दोन्ही शिक्के दिसतात. स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) गरुड आणि नळीवर मुकुट असेल तर सुटे भाग बदललेत का ते तपासा. शिक्क्याच्या कडा बोथट असतील तर पॉलिश मारून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेलं असणार. विक्रेता मात्र ‘मूळ फिनिश’च म्हणतो!

ऑर्टगीज हे दुसरं जर्मन पिस्तूल त्यामानाने सोपं. स्लाइडवर ते बनवणाऱ्या ऑर्टगीजचं स्वतःचं नाव आणि एरफुर्ट हे गाव असेल तर सुरुवातीचं. ‘डॉइच वेर्के’ या कंपनीचं नाव असेल तर १९२१ च्या आसपास धंदा त्यांच्याकडे गेल्यानंतरचं. मुठीवरच्या बिल्ल्यावर मात्र विसंबू नका, मुठी सहज बदलता येतात.